पुण्यात फ्लॅटमध्ये माती आणि पाणवनस्पतींचा नैसर्गिक फिश टँक करायचा आहे. आखणी कुठून सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहता, दोन फुटी टँक घ्यायचाय, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि महागडा फिल्टर नकोय, आणि मासे कुठले घ्यावेत हा पहिला प्रश्न आहे. मासे शेवटी. आधी नळाला कुठलं पाणी येतं ते बघा, मग झाडं ठरवा, आणि खर्चाचा मोठा वाटा झाडांवरच जाऊ द्या. सिलिंडर नाही, मोठा फिल्टर नाही, म्हणजे पाणी साफ ठेवायचं काम झाडांनी करायचंय. चार काड्या खोचून ते होत नाही.

खडकवासल्याहून येणारं पाणी तसं मऊ. पण बऱ्याच सोसायट्यांत त्यात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी मिसळतात, आणि बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, कित्येक ठिकाणी ५०० च्या पुढे असतो. वरच्या टाकीत बोअर कधी सोडतात हे वॉचमनला विचारा. सेक्रेटरीला ते बहुधा माहीत नसतं. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, आठवडाभर रोज एकदा मोजा. आकडा स्थिर असेल तर कमी-जास्त कितीही असला तरी मार्ग निघतो. आज ८० आणि परवा ४०० असा नाचत असेल, तर पाणी बदलायच्या दिवशीचा आकडा बघूनच भरायचं. आरओचं पाणी एकट्यानं वापरू नका. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उरत नाही आणि झाडांना ते लागतं.

आणखी एक, फक्त पुणेकरांसाठी. गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद आणि शुक्रवारी ‘उशिरा व कमी दाबाने’ हे आपल्याला पाठ आहे. बंदनंतरचं पहिलं पाणी गढूळ असू शकतं, ते टँकमध्ये घालू नका. शनिवार-रविवारी भरा, बादलीत एक दिवस उघडं ठेवा, नाहीतर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळतं त्याचे थेंब टाका.

दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे साधारण ५७ लिटर. माती, वाळू, दगड, काच धरून वजन ७५-८० किलोच्या घरात जातं. टीव्ही युनिटवर ठेवायचा बेत असेल तर तो सोडा. भिंतीलगत मजबूत टेबल, वर थर्माकोलची शीट, आणि पातळी एकदा स्पिरिट लेव्हलनं तपासून घ्या. जागा पूर्वेच्या खिडकीजवळ मिळाली तर उत्तम. पश्चिमेचं ऊन टाळा. एप्रिलमध्ये त्यानं पाणीही तापतं आणि शेवाळही धरतं.

आता माती, इथं जरा वेळ द्या. मातीचा थर घालून झाडांवर टँक चालवायची ही पद्धत डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ साली पुस्तकातून मांडली, म्हणून शौकीन मंडळी तिला वॉलस्टॅड टँक म्हणतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, मोठ्या फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. झाडं मात्र तो अमोनियाच थेट खत म्हणून उचलतात. मुळांना मातीतून अन्न मिळतं, आणि मातीतला सेंद्रिय भाग कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइडही त्यांच्याच कामी येतो. सिलिंडर टाळता येतो तो यामुळे.

पण माती कुठली? नर्सरीत ‘तयार कुंडी मिश्रण’ म्हणून जे देतात त्यात कोकोपीट आणि शेणखत असतं. कोकोपीट तरंगतं आणि शेणखतानं अमोनियाचा भडका उडतो. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांमध्ये नुसती लाल माती मागा, खत न घातलेली. आपली काळी माती चिकट, पाण्यात फुगते, एकदा ढवळली की बसता बसत नाही. तिच्या नादी लागू नका. लाल माती पिठाच्या चाळणीनं नको, जाड चाळणीनं चाळा, बादलीत भिजवा, वर येणारा पालापाचोळा काढून पाणी ओता. दोन-तीनदा असं केलं की मुठीत दाबल्यावर ती लाडवासारखी वळते आणि बोटाला काड्या टोचत नाहीत. तिचा एक इंचाचा थर द्या, जास्त नको. वर सव्वा इंच वाळू, दाणा २-३ मिलिमीटरचा. बांधकामावरची क्रश सँड घेऊ नका. धारदार असते आणि कितीही धुतली तरी करडी भुकटी सोडत राहते. फिल्टरसाठी विकतात ती सिलिका वाळू घ्या आणि घमेल्यात नितळ पाणी येईपर्यंत धुवा. भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडा.

दगड विकत घ्यायची गरजच नाही, आपण बेसॉल्टवरच राहतो. काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही. मात्र त्याच्या पोकळ्यांत पांढरे खडे असतात ना, ते बघून घ्या. ते झिओलाइट किंवा गारगोटी असेल तर चिंता नाही, कॅल्साइट असेल तर पाणी हळूहळू कठीण होत जातं. लिंबू पिळा आणि कान लावा. बारीक चुरचुर ऐकू आली, फेस आला, तर तो दगड कुंडीत. (याच पोकळ्यांतून वाघोलीच्या खाणींत निळंभोर कॅव्हन्साइट निघालं, जगभरचे खनिजसंग्राहक त्यासाठी वेडे आहेत. ते सापडलं तर टँक विसरा.)

झाडं पहिल्याच दिवशी भरपूर लावा. वाळूचा पाऊण भाग झाकला गेला पाहिजे. ‘आधी थोडी लावू, वाढतील तशी पसरतील’ असं केलं की रिकामी जागा शेवाळ घेतं. मागे व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, लिम्नोफिला, मध्ये क्रिप्टोकोरीन, दगडाला दोऱ्यानं बांधून जावा फर्न आणि अनुबियास, यांचं खोड मातीत पुरायचं नाही. पाणी कठीण असेल तर व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्टवर भर द्या. वर थोडी पिस्टिया किंवा साल्व्हिनिया सोडा. तरंगत्या झाडांना कार्बन डायऑक्साइड हवेतून मिळतो, त्यामुळे सुरुवातीचा अमोनिया तीच झपाट्यानं खातात. टँक स्थिरावला की निम्मी काढून टाका, नाहीतर खाली अंधार.

क्रिप्टोकोरीनची पानं पहिल्या पंधरवड्यात वितळतील. उकडल्यासारखी पारदर्शक होतात, बोट लावलं की चिकटून येतात. उपटून फेकू नका, मूळ जिवंत असतं आणि मधून नवा कोंब येतो. मेलेली पानं तेवढी काढा. मातीतून बुडबुडे आले तर तेही चालतं. विणकामाची सुई ठिकठिकाणी टोचून वायू मोकळा करा. सडक्या अंड्याचा वास आला तर थर जाड झालाय असं समजा.

दिवा साधा ६५०० केल्विनचा एलईडी, टायमरवर आधी सहा तास, मग आठ. पाणी हलतं राहायला एक छोटा स्पंज फिल्टर असू द्या, मी तो कायम ठेवतो. वीज गेली तर दिवसा काही बिघडत नाही. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदला, मग महिन्यातून एकदा पुरतं.

मासे नसलेल्या या आठवड्यांत एक गोष्ट हटकून विसरली जाते: डास. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यावर अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. वर बारीक जाळी ताणून बसवा. महापालिकेची माणसं कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायला येतात, तेव्हा ‘हे मत्स्यालय आहे, मासे यायचेत’ हे त्यांना पटवणं अवघड जातं.

टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला लागले की मासे आणा, तेही थोडे थोडे. या आकाराला आठ-दहा लहान मासे, बस्स. हीटर लावणार नसाल तर झेब्रा डॅनियो घ्या. भारतातलाच मासा, पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतलं गार पाणी सोसतो. उड्या मारतो म्हणून झाकण मात्र हवं. निऑन टेट्रा किंवा बेटा हवा असेल तर ५० वॉटचा हीटर आलाच. पाणी कठीण असेल तर गप्पी मजेत राहतात, पण नुसते नर आणा. गोल्डफिश अजिबात नको, झाडं चावून उपटतो आणि दोन फुटांत मावतही नाही. दुकानदार काच साफ करायला म्हणून सकर गळ्यात मारेल, त्यालाही नको म्हणा. तळहाताएवढा दिसणारा तो मासा फूटभर होतो. उजनीच्या जलाशयात सकर पसरलेत, ते असेच कुणीतरी सोडलेले.

टँक जमला की दर महिन्याला मूठभर झाडं कापावी लागतात. ती पाषाण तलावात किंवा नदीत टाकू नका, तिथे जलपर्णीनं आधीच उच्छाद मांडलाय. गॅलरीत उन्हात कडक वाळवा आणि कुंड्यांत घाला, टोमॅटोला चांगली मानवतात. वाढलेले मासे बरेच दुकानदार परत घेतात. पैसे देत नाहीत, पण घेतात.