रविवारीही लॅब? मूलपेशी वाढवण्याच्या कामात करिअर आहे का

नमस्कार,

तुमची मुलगी बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते, प्रोजेक्टसाठी मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात अशा पेशी) वाढवते आणि त्यांचं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, बदलायला रविवारीही लॅबमध्ये जाते. ‘एवढं शिकून पेशींना खाऊ घालत बसायचं, यात पुढे काय?’ असं तुम्ही विचारलंय. काळजी रास्त आहे. पण तुम्हाला जे काम हमालीचं वाटतंय, नेमकं तिथेच पुनर्जनन वैद्यकाचं, म्हणजे निकामी पेशींच्या जागी नव्या बसवणाऱ्या उपचारांचं, गाडं अडलेलं आहे.

मानवी भ्रूणातल्या मूलपेशी १९९८ मध्ये प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. २००६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना मूलपेशींचं रूप दिलं, पुढच्याच वर्षी ते मानवी पेशींतही साधलं, आणि २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल मिळालं. मूलपेशी मिळवायच्या कशा, हा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला. भरपूर, एकसारख्या आणि निर्धोक कशा वाढवायच्या, हा अजून सुटायचा आहे.

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात सुमारे १०० कोटी स्नायुपेशी मरू शकतात. तेवढ्या भरून काढायच्या तर डिश पुरत नाही, पेशी बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे मीडियमने भरलेल्या टाकीत, ढवळत वाढवाव्या लागतात. जोरात ढवळलं की त्या दुखावतात. हळू ढवळलं की त्यांचे गोळे मोठे होतात आणि आतल्या पेशींना ऑक्सिजन पोचत नाही. हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच इंजिनिअरिंगचा आहे, आणि दोन्ही भाषा कळणारी माणसं फार थोडी आहेत.

तिच्या रविवारचं कारणही सांगतो. मीडियममधलं एफजीएफ-२ हे पेशींच्या वाढीला लागणारं प्रथिन ३७ अंश सेल्सियसला लवकर निकामी होतं, म्हणून मीडियम रोज ताजं लागतं. या प्रथिनाची जास्त टिकणारी रूपं कुणीतरी हाच त्रास मनावर घेऊन बनवली. पूर्वी या पेशी उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवत. नंतर त्या थराऐवजी उंदराच्या ट्यूमरपासून काढलेलं मॅट्रिजेल नावाचं जेल आलं, पण ते बॅचगणिक बदलतं. रुग्णाच्या शरीरात जाणाऱ्या पेशींसाठी असं चालत नाही, म्हणून लॅमिनिन, व्हिट्रोनेक्टिन यांसारखी शुद्ध प्रथिनं आणि २०११ मध्ये अवघ्या आठ घटकांचं मीडियम आलं.

सगळ्यात मोठी जोखीम मात्र डोळ्यांना दिसत नाही. वाढवता वाढवता एखाद्या पेशीत विसाव्या गुणसूत्राचा तुकडा जास्तीचा येतो, ती सहजासहजी मरत नाही आणि काही पॅसेजमध्ये (पेशी नव्या डिशमध्ये वाटून घालण्याच्या फेऱ्यांत) तिचीच प्रजा डिशभर होते. जपानमध्ये २०१४ साली एका रुग्णाच्या डोळ्यात तिच्याच पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाचा थर बसवला गेला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले आणि ती शस्त्रक्रिया थांबवावी लागली. हे वेळीच पकडणाऱ्या माणसाचं काम मला कुठल्याही शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

आता पुढचं. नवं शोधण्याची ओढ असेल तर पीएच.डी. करावी, पण त्यात वर्षं जातात आणि कमाई उशिरा सुरू होते, याची तयारी घरच्यांचीही हवी. नोकरी लवकर हवी असेल तर पेशी-उपचार बनवणाऱ्या कंपन्यांत प्रोसेस डेव्हलपमेंट, क्वालिटी कंट्रोल आणि उत्पादन विभाग असतात, तिथे एम.एस्सी.वरही सुरुवात करता येते. या क्षेत्रात चढउतार आहेत, चाचण्या फसल्या की प्रकल्प बंद पडतात. म्हणून तिला संख्याशास्त्र, फ्लो सायटोमेट्री (लेझरने एकेक पेशी तपासण्याचं तंत्र), गुणसूत्र-तपासणी आणि जीएमपीचे, म्हणजे औषध-उत्पादनातल्या दर्जाचे, नियम पक्के करू द्या. लस किंवा जैव-औषधांच्या कारखान्यातही ते उपयोगी पडतं. सिद्ध न झालेले मूलपेशी-उपचार विकणाऱ्या दवाखान्यांत मात्र, पगार कितीही असो, तिने जाऊ नये. तिथे रुग्णांची फसवणूक होते आणि तिच्या नावालाही डाग लागतो.

तिच्या हातच्या पेशी महिनोन्‌महिने स्वच्छ आणि एकसारख्या राहतात का, हे तिच्या गाइडना विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर मीडियमचा एखादा घटक किंवा ढवळण्याचा वेग बदलून काय होतं ते मोजण्याचा छोटा प्रयोग तिने याच प्रोजेक्टमध्ये मागून घ्यावा. मुलाखतीत तोच तिच्या कामी येईल.