ल्युपसमध्ये डीएसडीएनए निगेटिव्ह आल्यावर गोळ्या थांबवाव्यात का?

ताई, तुमच्या २६ वर्षांच्या बहिणीला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) आहे आणि त्यात मूत्रपिंडाला सूज आली होती. आठ महिन्यांच्या उपचारांनंतर तिची डीएसडीएनए चाचणी (डीएनएविरुद्धच्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडीजची रक्तचाचणी) निगेटिव्ह आली, एएनए (पेशीकेंद्राविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) मात्र पॉझिटिव्हच राहिली. तेव्हा आता गोळ्या बंद करता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. मला हा आजार १४ वर्षांपासून आहे, म्हणून स्पष्टच सांगते : या रिपोर्टच्या आधारावर एकही गोळी स्वतःहून थांबवू नका.

एएनए ही निदानाच्या वेळी उपयोगी पडणारी चाचणी आहे. २०१९च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १:८० किंवा त्याहून अधिक टायटर (रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण) ही ल्युपसच्या वर्गीकरणाची पहिली अट आहे. पण कमी टायटर अनेक निरोगी माणसांतही आढळते आणि आजार शांत झाल्यावरही एएनए वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहू शकते. त्यामुळे ती पुन्हा पुन्हा करून घेण्यात पैसे जातात आणि घोर तेवढा वाढतो. डीएसडीएनएचे तसे नाही. पेशीकेंद्रातील डीएनएविरुद्ध तयार झालेली ही प्रतिपिंडे डीएनएशी जोडली जाऊन मूत्रपिंडाच्या गाळणीत साचतात, तिथे दाह होतो आणि त्यात रक्तातील सी-३ व सी-४ ही प्रथिने खर्ची पडतात. म्हणून डीएसडीएनए वाढणे आणि सी-३, सी-४ घटणे ही बऱ्याच रुग्णांत आजार उसळल्याची खूण असते. बऱ्याच म्हणते, सर्वांत नाही. काहींची डीएसडीएनए वाढलेली असूनही मूत्रपिंड ठीक असते, तर काहींचे रिपोर्ट चांगले दिसत असताना लघवीतून प्रथिने जात असतात.

चांगल्या रिपोर्टवर मीही विसंबले होते. तिसऱ्या वर्षी रिपोर्ट चांगले आले, चेहऱ्यावरची सूज उतरली होती, आणि मी कोणालाही न विचारता मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) सोडले. परळच्या ऑफिसला रोज लोकलने जात होते, थकवासुद्धा नव्हता. तीन महिन्यांनी लघवी फेसाळ दिसू लागली, पाय सुजले, आणि पुन्हा बायोप्सी, पुन्हा स्टेरॉइडचे मोठे डोस. ते वर्ष मी आजही विसरलेली नाही.

मायकोफेनोलेट लिम्फोसाइट पेशींची वाढ रोखते आणि प्रतिपिंडांचे उत्पादन त्याच पेशींवर अवलंबून असते. म्हणजे तिचा रिपोर्ट सुधारला आहे तो औषध चालू आहे म्हणून. मूत्रपिंडाच्या ल्युपसमध्ये हे उपचार साधारणपणे किमान तीन वर्षे चालवतात, आणि कमी करायचेच झाले तर आधी स्टेरॉइड. तेही टप्प्याटप्प्याने, कारण दीर्घकाळ घेतलेले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एकदम बंद केल्यास मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी वेळेवर कॉर्टिसोल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवू शकत नाहीत आणि जिवावर बेतू शकते. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे ल्युपसचे नेहमीचे औषध सहसा सर्वांत शेवटपर्यंत राहते. त्याचा डोस दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात आणि डोळ्यांचा पडदा सुरुवातीला, तसेच पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासतात.

तिच्या लग्नाचा विषय घरात असेल, तर हे आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग येऊ शकते, म्हणून गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी ते बंद करून बहुधा त्याऐवजी अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध देतात.

आणि आपल्या मुंबईचा पावसाळा. हिंदमाताला पाणी तुंबले की आपण सवयीने त्यातून चालत सुटतो, पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसासाठी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या दूषित पाण्यातून होणारा संसर्ग) धोका गंभीर आहे. तशा पाण्यात पाय पडलाच तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ताप आला तर क्रोसिन देऊन दोन दिवस थांबू नका, आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर क्षयाची तपासणी करून घ्या. जिवंत विषाणूंच्या लसी तिने टाळायच्या आहेत. फ्लूची आणि न्यूमोनियाची इंजेक्शनची लस मात्र डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी.

पुढच्या भेटीला जाताना लघवीतील प्रथिने-क्रिएटिनिन गुणोत्तर, सी-३, सी-४, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्तातील क्रिएटिनिन यांचे आठही महिन्यांतले रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या, घरी मोजलेला रक्तदाबही लिहून न्या. डोस कमी करण्याची चर्चा डॉक्टरांशी त्या आकड्यांवरूनच करा.