पारा, जस्ताच्या गोळ्या आणि रात्रीचा घाम

प्रश्न : माझ्या चार दाढांत चांदी भरलेली आहे. त्यात पारा असतो हे कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. केसांच्या तपासणीत 'खनिजांचं संतुलन बिघडलंय' असं आलं. रोज 100 मिलिग्रॅम जस्त घेते, शरीरशुद्धीसाठी रात्रीचं जेवण सोडलंय. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू आहे. मध्यरात्री घामाने गाऊन भिजतो, हात थरथरतात. हा पाराच ना?

उत्तर : ताई, मला आधी त्या घामाचीच काळजी वाटते. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी झोपलात तर साखर खूप उतरू शकते. जाग येताच बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. रात्रीची भाकरी आजपासूनच सुरू करा आणि गोळीच्या डोसाबद्दल डॉक्टरांना आजच फोन करा.

प्रौढांसाठी जस्ताची वरची मर्यादा दिवसाला 40 मिलिग्रॅम. जास्त जस्त महिनोन्‌महिने घेतलं की तांबं कमी पडतं, रक्त कमी होतं, पाय बधिर होतात. आणि दोष मात्र मधुमेहावर जातो! डॉक्टरांनी दिलं नसेल तर थांबवा.

त्या भरणात निम्मा पारा असतो, हे खरं. पण ते भरण काढायला चांगली दाढ उकरताना पाऱ्याची वाफ उलट जास्त निघते. केसांत मुख्यतः माशांतून आलेला पारा दिसतो, दाढेतला नाही. त्यासाठी लघवी तपासतात. एखादं रसौषध (धातू वापरून केलेलं आयुर्वेदिक औषध) किंवा गोरेपणाचं क्रीम वापरत असाल, तर त्यातही पारा असू शकतो; तेही डॉक्टरांना दाखवा.