अभाव, कमतरता आणि उत्तरेतला 'तर'

प्रश्न: एका आरोग्यविषयक लेखात वाचले, 'ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोकांमध्ये ड जीवनसत्वाचा अभाव आढळतो.' इथे 'अभाव' बरोबर की 'कमतरता'? 'कमतरता' हा शब्द फारसी असल्याने टाळावा, असे एका जाणकारांचे मत आहे. आपण काय सांगाल?

उत्तर: 'अभाव' चूक. हा शब्द असा वापरलेला ऐकून ऐकून कान किटले आहेत. पाण्याचा अभाव, झोपेचा अभाव, रक्तात लोहाचा अभाव! अभाव म्हणजे नसणे. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या पंडितांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ, म्हणजे वेगळा तत्त्ववर्ग, मानले आणि त्याचे चार प्रकार पाडले: प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. 'आहे, पण पुरेसे नाही' याला त्या चारांपैकी एकातही जागा नाही. रक्ततपासणीत आकडा आला, म्हणजे ती वस्तू रक्तात आहे. मग अभाव कसला? 'जीवनसत्त्वांच्या अभावामुळे होणारे रोग' हा तक्ता शाळेत घोकून घेतला गेला, तिथेच ही खोड लागली.

आणखी एक. 'जीवनसत्व' नव्हे, 'जीवनसत्त्व'. सत् अधिक त्व, म्हणून दोन त. डॉक्टरांच्या पाट्यांपासून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपर्यंत एक त सर्रास गिळला जातो.

आता त्या जाणकारांकडे वळू. फारसी म्हणून 'कमतरता' टाळायची, तर 'कमी' हा शब्दही टाळणार का? तोही तिकडचाच. मुळात 'कमतरता' शुद्ध फारसी नाहीच. 'कमतर'पर्यंत फारसी, आणि शेवटचा 'ता' आपला, सुंदरता-मूर्खता यांतला. फारसी विशेषणाला संस्कृत भाववाचक प्रत्यय लावून मराठीने हा शब्द बिनतक्रार चालवला आहे, आणि ही सोयरीक मला फार आवडते.

त्यातला 'कम' पाहा. इराणमध्ये बेहिस्तुनच्या कड्यावर दारयवहु (डरायस) राजाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस शिलालेख कोरवला. गौमाता नावाच्या प्रतिस्पर्ध्याला आपण थोड्याच माणसांनिशी मारले, असे तो त्यात सांगतो. तिथे 'थोडे' या अर्थी 'कम्न' हा शब्द आहे. आपला 'कम' त्याच घराण्यातला. अडीच हजार वर्षांच्या शब्दाला परका म्हणून दाराबाहेर उभे करणाऱ्यांनी एकदा त्याचे वय विचारावे.

पण खरी गंमत 'तर' या प्रत्ययात आहे. कमतर, बेहतर, बदतर यांतला फारसी 'तर' आणि लघुतर, उच्चतर यांतला संस्कृत 'तर' हे सख्खे भाऊ आहेत. भारतीय आणि इराणी भाषा एकत्र होत्या त्या काळापासून दोघांनी तो जपला आहे. पाणिनीने या प्रत्ययाचा नियमच सांगितला: दोहोंत तुलना असेल तर 'तर', पुष्कळांत असेल तर 'तम'. या दोन प्रत्ययांना जोडून 'तारतम्य' झाले. तारतम्य बाळगणे म्हणजे कशाच्या मानाने किती, हे ओळखणे.

आणि आता 'उत्तर' घ्या. उद् म्हणजे वर. उद् अधिक तर म्हणजे 'अधिक वरचे'. उद् अधिक तम म्हणजे उत्तम. आपल्या पूर्वजांना हिमालयाकडची उंच जमीन ज्या दिशेला दिसली, ती उत्तर. म्हणजे आपण ज्या लोकांबद्दल विचारता त्यांच्या दिशेतही 'तर' आहे आणि त्यांच्या कथित 'कमतरते'तही तोच 'तर' आहे. 'उत्तरेकडची कमतरता' या दोनच शब्दांत एकच प्रत्यय दोनदा बसला आहे, एकदा संस्कृताच्या वाटेने आणि एकदा फारसीच्या.

काही जण इथे 'उणीव' सुचवतात. सुचवू देत, शब्द चांगला आहे. मात्र 'ऊन मिळाले नाही की उणीव येते, म्हणून ऊन आणि उणीव एकाच धातूचे' ही जी व्युत्पत्ती मोबाईलवरून फिरते, ती साफ खोटी आहे. उन्हाळ्यातले ऊन 'उष्ण' या शब्दापासून आले, म्हणून तर 'उन्हात' म्हणताना त्यात 'ह' डोकावतो. 'उणा' आणि 'उणीव' संस्कृत 'ऊन' म्हणजे अपुरे यावरून आले. ध्वनी जुळला की नाते जोडायचे, ही व्युत्पत्ती नव्हे.

'कमतर' शब्द उच्चारला की 'कशापेक्षा?' हा प्रश्न उभा राहतो. 'न्यूनता' आणि 'उणीव' यांत तो उभा राहत नाही, म्हणून मी 'कमतरते'च्या बाजूचा आहे. ध्रुवप्रदेशाच्या बाबतीत तर सगळा वाद या 'कशापेक्षा'वरच आहे.

ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होते. सूर्याचे अतिनील ब किरण त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका पूर्वद्रव्यावर पडतात, आणि ते घडते. बॉस्टन शहर ४२ अंश उत्तरेला आहे, आणि तिथेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे काम बंद असते, असे १९८८ मध्ये दाखवले गेले. ग्रीनलंडची राजधानी नूक ६४ अंशांवर आहे. मग हे लोक हजारो वर्षे जगले कशावर? खाण्यावर. सीलची चरबी, चरबीदार मासे, माशांचे यकृत. नारव्हाल किंवा बेलुगा देवमाशाची कातडी चरबीच्या थरासकट काढतात, तिला 'मत्ताक' म्हणतात. बायका 'उलू' नावाच्या अर्धगोल पात्याच्या सुरीने तिचे छोटे चौकोनी तुकडे करतात आणि ते पुष्कळदा कच्चेच खाल्ले जातात. कातडीतून क जीवनसत्त्वही मिळते. 'जीवनसत्त्व' म्हणजे शरीराला अन्नातूनच मिळवावे लागणारे द्रव्य, या व्याख्येत ड खरे तर बसत नाही, कारण उन्हाच्या देशात ते अंगावरच तयार होते. ते पूर्णार्थाने जीवनसत्त्व आहे ते ध्रुवप्रदेशात.

रक्तातली पातळी मापण्यासाठी ड जीवनसत्त्वाचे साठ्यातले रूप, २५-हायड्रॉक्सी ड, मोजतात. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही रेषा अमेरिकेतल्या एका अधिकृत समितीने २०११ मध्ये मांडली. त्याच वर्षी तिथल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने ३० सांगितले, आणि २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत त्या ३० चा आग्रह सोडला. म्हणजे ज्या रेषेपेक्षा आपण 'कमतर' ठरतो, ती रेषाच तज्ज्ञांच्या हातात सरकते आहे. शिवाय ती आखली गेली मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तावरून.

नूकमधल्या ग्रीनलंडवासीयांची डेन, म्हणजे डेन्मार्कच्या, लोकांशी तुलना करणारा एक अभ्यास २००४ मध्ये आला. पाश्चात्त्य आहार घेणाऱ्या ग्रीनलंडवासीयांत २५-हायड्रॉक्सी ड कमी होते. पण शरीर प्रत्यक्ष ज्याच्यावर चालते ते १,२५-डायहायड्रॉक्सी रूप त्यांच्यात डेनांपेक्षा जास्त निघाले आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक कमी. शरीराला खरोखर चणचण भासली असती तर ते संप्रेरक वाढायला हवे होते. म्हणजे साठा कमी आणि वापर चोख, अशी रचना पिढ्यान् पिढ्या घडली असण्याची शक्यता आहे. याला 'अभाव' म्हणणाऱ्याने काय वाचले होते?

जनुकांच्या बाजूनेही पुरावा येतो. २०१५ मध्ये ग्रीनलंडच्या इन्युइटांत मेदाम्लांच्या प्रक्रियेशी संबंधित जनुकांवर नैसर्गिक निवडीचा ठसा सापडला, चरबीप्रधान आहाराला साजेसा. मानवशास्त्रज्ञ लेस्ली ह्लुस्को आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याहून धीट मांडणी केली. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी बेरिंजियात, म्हणजे सायबेरिया आणि अलास्का जोडणाऱ्या तेव्हाच्या भूभागात, अडकलेल्या लोकांत ईडीएआर जनुकाचा एक प्रकार रुजला. त्या प्रकाराने पुढच्या दातांची मागची बाजू फावड्यासारखी खोलगट होते आणि स्तनातल्या दूधवाहिन्यांच्या फांद्या वाढतात. जिथे ऊन जवळजवळ नाही, तिथे बाळाला ड जीवनसत्त्व आणि मेदाम्ले आईच्या दुधातूनच मिळणार. निवड दुधाची झाली, दात फक्त सोबत आले, असे त्यांचे म्हणणे. मला ही मांडणी पटते. ती सिद्ध झाली असे मात्र मी लिहिणार नाही.

म्हणून 'त्यांचे सगळे ठीक आहे' असेही म्हणू नये. ते म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि तितकेच चुकतात. अलास्काच्या मूळनिवासी मुलांत मुडदूस खरोखर आढळतो. युकॉन-कुस्कोक्विम नद्यांच्या मुखाकडच्या, इन्युइटांच्या नात्यातल्या युपिक समाजातल्या बायकांचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत सागरी आहाराच्या खुणा आणि त्यांच्याबरोबर ड जीवनसत्त्वही घटलेले दिसले. सीलच्या चरबीची जागा दुकानातल्या गोड पेयांनी आणि पिठाने घेतली की त्याच लोकांची पातळी त्यांच्याच आजीपेक्षा खाली जाते. ही तुलना रास्त आहे. जोडीला मुडदूसही दिसतो, म्हणून इथे मी 'कमतरता' बेधडक लिहीन.

'इन्युइट'बद्दल आपण विचारले नाही, पण ते अनेकवचन आहे. एक माणूस 'इनुक', दोन 'इनूक' आणि तीन किंवा अधिक 'इन्युइट', म्हणजे माणसे. त्यापुढे 'लोक' लावायची गरज नाही. 'एस्किमो'चा अर्थ 'कच्चे मांस खाणारे' असे अजूनही ठासून सांगितले जाते. स्मिथसोनियन संस्थेचे भाषावैज्ञानिक आयव्हस गॉडर्ड यांनी तो शब्द 'बर्फावर चालायच्या पादत्राणांची जाळी विणणारे' अशा अर्थाच्या, कॅनडातल्या इन्नू भाषेतल्या शब्दाकडे नेला आहे. मी गॉडर्ड यांच्या बाजूने आहे. तरी शब्द टाळावाच, कारण ज्यांना तो लावला जातो त्यांच्यापैकी बहुतेकांना तो नको आहे.

आपल्या लेखातले वाक्य असे लिहावे: 'पारंपरिक आहार सुटलेल्या इन्युइटांमध्ये ड जीवनसत्त्वाची पातळी पूर्वीपेक्षा कमी आढळते.' रोगाची लक्षणेही दिसत असतील तर 'कमतरता' लिहावे. 'अभाव' दोन्हीकडे नको.