इलेक्ट्रिक गिटारचे पहिले ४-५ फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेत, तेवढेच बदलता येतात का की सगळेच बदलावे लागतात?

हो, तेवढेच बदलता येतात, फक्त नवीन फ्रेट उरलेल्या जुन्यांच्या उंचीला घासून आणावे लागतात नाहीतर एक स्वर दाबला की पुढचा फ्रेट तारेला लागून झणझण करतो. मी माझ्या दोन गिटारींवर हे हाताने केलंय म्हणून सांगतो, आधी कॅलिपरने उंची मोजा. मीडियम जंबो मापाचा फ्रेट नवा असताना साधारण १.२ मिमी असतो, तारेने घासून पडलेल्या खड्ड्याच्या तळाशी ०.८ च्या वर शिल्लक असेल तर बदलूच नका, नुसतं लेव्हल करून परत गोलाई दिली तरी भागतं आणि खर्चही बराच कमी. बदलायचेच असतील तर जुना फ्रेट सोल्डरिंग आयर्नने गरम करून मग तोंड सपाट घासलेल्या एंड निपरने (समोरून कापणारी पकड) हळूहळू उचला, थंड असताना ओढला की लाकडाची कपची त्याच्याबरोबर वर येते (रोझवूडवर तर हमखास). नवीन वायर घेताना तिची रुंदी नाही तर खाली जो दातेरी भाग खाचेत बसतो त्याची जाडी आधी बघा, तिथेच सगळे फसतात. निकेल सिल्व्हर घेतलीत तर बरं, नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नसते त्यात, तांबं निकेल जस्त असतं आणि घासायला मऊ, स्टील टिकतं खूप पण हत्यारं खातं. मात्र फिंगरबोर्ड (फ्रेट ज्यात बसतात ती लाकडी पट्टी) लॅकर लावलेला मेपलचा असेल तर घरी हात लावू नका, फ्रेटच्या कडेने लॅकर टवके उडून निघतं, ते काम ल्युथिअरकडेच (गिटार बनवणारा-दुरुस्त करणारा कारागीर) द्या.