पारा 47 वर गेला, दोष कोणाचा?

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे पारा 47 वर गेला. कोणी म्हणतं हवामानबदल, कोणी म्हणतं वीज केंद्र आणि कोळसा खाणी. वडील म्हणतात, नवतपा आहे, तापणारच. खरं काय? (एक शेतकरी, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : वडील चुकत नाहीत. नागपूरचा 47.9 अंशांचा उच्चांक 23 मे 2013 चा, म्हणजे 25 मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या नवतप्याच्या तोंडावरचाच. उन्हाळा तापतोच, म्हणून ‘ही उष्णतेची लाट हवामानबदलाची का?’ याला हो-नाही असं उत्तर नसतं. अशी लाट येण्याची शक्यता किती पटींनी वाढली आणि ती किती अंश जास्त तापली, एवढंच काढता येतं.

त्यासाठी आधी लाट ठरवावी लागते : प्रदेश कोणता, दिवस किती, कमाल तापमान घ्यायचं की किमान. मग जुन्या नोंदींवरून ती किती वर्षांतून एकदा येते ते पाहतात. नंतर संगणकावर आजचं जग आणि कारखानदारीपूर्वीचं, सुमारे 1.2 अंश थंड जग, अशी दोन्ही चालवून शक्यतांचा भागाकार करतात. 2022 च्या मार्च-एप्रिलमधली भारत-पाकिस्तानची लाट अशी सुमारे 30 पट संभाव्य झालेली निघाली. तापमानातला फरक मात्र साधारण 1 अंश. दोन्ही आकडे एकाच लाटेचे. बातमीत पहिलाच येतो.

घोडं अडतं ते इथे. मोठा प्रदेश आणि दोन महिन्यांची सरासरी घेतली की रोजचे चढउतार पुसले जातात. एका गावचा एक दिवस घेतला तर वारा फिरला तरी आकडा बदलतो. शिवाय हवेतले धूलिकण ऊन अडवतात आणि ओलिताचं पाणी वाफ होताना उष्णता खातं, त्यामुळे दिवसाच्या कमाल तापमानातली वाढ झाकली जाते. राजस्थानात फलोदीला 19 मे 2016 ला 51 अंश नोंदले गेले, तरी त्या लाटेच्या अभ्यासात हवामानबदलाचा ठसा स्पष्ट सापडला नाही. वाढ नाही असा त्याचा अर्थ काढू नका.

नोंदीही तपासून घ्याव्या लागतात. 30 मे 2024 ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. तो सेन्सरचा बिघाड निघाला.

वीज केंद्र, खाणी, उघडी काळी जमीन यांनी आसपासचा भाग जास्त तापतो. पण एकाच वेळी अख्खा विदर्भ भाजतो तो वरून खाली बसणारी हवा, निरभ्र आकाश आणि वायव्येचा कोरडा वारा यांमुळे. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड मात्र साऱ्या जगाच्या खात्यात जमा होतो.

प्रश्न : मोबाईलवर 46 दिसतं, तरी लाट जाहीर होत नाही. असं का?

उत्तर : मोबाईलचा आकडा बहुधा गणिताने काढलेला असतो. मैदानी भागात कमाल 40 किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश जास्त, किंवा थेट 45, असं निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस लागतं. घोषणा दुसऱ्या दिवशी होते. स्वतः मोजायचं असेल तर कमाल-किमान तापमापी पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर, दार उत्तरेकडे ठेवून मोकळ्या जागी लावा. टिनाच्या छपराखाली किंवा भिंतीला टांगलेली तापमापी छपराचं आणि भिंतीचंच तापमान सांगते.