एफआय (फ्युएल इंजेक्शन) बाइकचा पिकअप वाढवायचाय, पण अ‍ॅव्हरेजही पडू द्यायचं नाही. मॅपिंग कसं करावं?

दोन्ही जमतं, कारण मॅपमधले (कधी किती पेट्रोल सोडायचं याच्या तक्त्यातले) हे दोन भाग वेगळे आहेत. एका वेगात आरामात चालवताना थ्रॉटल जेमतेम 10-20 टक्के उघडा असतो. तिथे ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हवा-पेट्रोलचं मिश्रण लॅम्डा 1 च्या आसपास ठेवतो, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागेल तेवढीच हवा. हा भाग छेडू नका. इथे पेट्रोल वाढवलंत तरी ईसीयू ते परत कापतो.

थ्रॉटल पूर्ण पिळला की ईसीयू सेन्सर बाजूला ठेवून मॅपमधल्या आकड्यांवर चालतो. ताकद इथेच मिळते, लॅम्डा 0.86 ते 0.90 ला, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि फिल्टर बसवले असतील तर आधी हेच तपासा: हवा वाढते, पेट्रोल तेवढं वाढत नाही, लीन (पेट्रोल कमी पडलेल्या) मिश्रणावर इंजिन तापतं, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके) सुरू होतं आणि शेवटी पिस्टन जातो.

वाइडबँड सेन्सरशिवाय (लॅम्डाचा नेमका आकडा दाखवणारा ऑक्सिजन सेन्सर) मॅपच्या आकड्यांना हात लावू नका. कंपनीने बसवलेला नॅरोबँड सेन्सर लॅम्डा 1 पासून लांबचं नीट मोजत नाही. एका वेळी 2-3 टक्केच बदला. आणि वाचायचा तो लॅम्डा, 14.7 चा (एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, वजनाने) हिशोब नाही. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला तो लागू पडत नाही.

फक्त अ‍ॅव्हरेज हवं असेल तर टायरमधली हवा, चेनचा ताण आणि एअर फिल्टर आधी बघा.